जुन्या बाजारात १८९३ चा अमेरिकन चांदीचा डॉलर ८०० रुपयांना मिळतोय. मागच्या बाजूला, पानांच्या माळेखाली ‘एस’ अक्षर आहे. घ्यावा का?

नका घेऊ. १८९३ चा हा डॉलर म्हणजे मॉर्गन डॉलर. त्याचं वजन २६.७३ ग्रॅम, त्यात ९० टक्के चांदी, म्हणजे निव्वळ चांदी २४ ग्रॅम. ८०० रुपयांत तेवढी चांदीसुद्धा येत नाही, मग नाणं कुठून येणार?

त्यात तुम्ही म्हणताय की मागच्या बाजूला, पानांच्या माळेखाली ‘एस’ आहे. ‘एस’ म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोची टांकसाळ. तिथे १८९३ साली फक्त १ लाख डॉलर पाडले. अगदी झिजलेला असला तरी तो हजारो डॉलरना जातो, आणि म्हणूनच त्याच्या नकलांचा सुळसुळाट आहे. मीही एकदा ‘सीसी’, म्हणजे कार्सन सिटीच्या टांकसाळीचा, म्हणून असाच एक हौसेने घेतला होता. घरी काट्यावर ठेवला तर २२ ग्रॅमच! लोहचुंबक लावून पाहिला होता की, पण पितळही चुंबकाला चिकटत नाही हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

वजन बरोबर भरलं तरी हुरळू नका. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतल्या, अक्षर नसलेल्या अस्सल १८९३ च्या नाण्यावर वेगळा ‘एस’ डकवतात, नाहीतर १८९८ च्या ‘एस’ नाण्यातला शेवटचा ८ कोरून ३ करतात. खऱ्या नाण्यावर स्वातंत्र्यदेवीच्या पट्टीवरच्या ‘लिबर्टी’ शब्दातल्या ‘टी’च्या डोक्यावर केसासारखी बारीक तिरपी रेघ असते. भिंगातून आधी ती शोधतात.

आता हे डॉलर इतके दुर्मीळ का झाले, तर त्यात आपलाही हात आहे. पहिल्या महायुद्धात इकडे लोक नोटा देऊन चांदीचे रुपये मागायला लागले आणि मिळालेले रुपये घरात दडवून ठेवायला लागले. सरकारकडे चांदी पुरेना. मग १९१८ मध्ये अमेरिकेने पिटमन कायदा केला आणि तिजोरीतले २७ कोटींहून जास्त डॉलर वितळवले. त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनने हिंदुस्थानासाठी विकत घेतली आणि इथे तिचे रुपये पडले. कोणत्या सालाचे किती डॉलर भट्टीत गेले याची नोंद कुणी ठेवली नाही. त्यामुळे नुसता ‘किती पाडले’ हा आकडा बघून भाव ठरवायला गेलात तर फसाल.

उलटंही होतं. न्यू ऑर्लिन्सचा १९०३ चा डॉलर जवळजवळ सगळा वितळला असं समजून लोक कोऱ्या नाण्याला दीड हजार डॉलर सांगत होते. १९६२ मध्ये सरकारी तिजोरीतून त्याच्या थैल्याच्या थैल्या बाहेर निघाल्या आणि भाव धाडकन आपटला. ज्यांनी आदल्या वर्षी घेतला असेल त्यांचं काय झालं असेल, देव जाणे.

जमवायचेच असतील तर सॅन फ्रान्सिस्कोच्या १८८१ पासून सुरुवात करा. सव्वा कोटीहून जास्त पाडलेले, सहज मिळतात, आणि ठसा इतका सुरेख की गरुडाच्या छातीवरची पिसं मोजता यावीत. ग्रेडिंग कंपनीच्या, म्हणजे नाण्याचा अस्सलपणा आणि दर्जा तपासून देणाऱ्या कंपनीच्या, सीलबंद डबीतलाच घ्या. आणि कितीही काळा पडलेला असला तरी चिंच, रांगोळी, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावायचं नाही. घासलेल्या नाण्याचा भाव तिथल्या तिथे पडतो.

त्या विक्रेत्याकडे पंचम जॉर्जचा १९१८ चा रुपया आहे का, हे मात्र जरूर विचारा. जाताना काटा सोबत न्या. ११.६६ ग्रॅम भरला पाहिजे.