दुकानदार म्हणतो, '१२० मायक्रॉनची कॅरीबॅग कायद्यात बसते.' महाराष्ट्रात हे खरं आहे का?

नाही. दुकानदार केंद्राचा नियम सांगतोय. ३१ डिसेंबर २०२२ पासून देशात १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅगवर बंदी आहे, म्हणजे त्याहून जाड चालते. पण महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर सरसकट बंदी घातली. जाडीचा प्रश्नच नाही. दुधाची पिशवी वगैरे सवलती वेगळ्या, त्यांना कॅरीबॅग म्हणत नाहीत.

दंड पहिल्यांदा ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. कागदावर तरी. भाजीवालीकडे कोथिंबिरीची जुडी आजही त्याच फडफडत्या पिशवीत मिळते, कारण माल तयार होतोय तिथे हात घालण्यापेक्षा तिच्या हातगाडीवर पावती फाडणं सोपं.

आणि ती कापडासारखी दिसणारी रंगीत पिशवी? नॉन-वोव्हन म्हणतात ती. बहुतेकदा पॉलिप्रॉपिलिनची, म्हणजे प्लास्टिकच. शंका आली तर कडेचा धागा पेटवून बघा: सुताची राख होते, हिचा वितळून गोळा होतो. (गॅसजवळ नको, मी एकदा बोट भाजून घेतलंय.)