पेंग आली की मेंदूच्या प्रतिमेत काय दिसतं?

प्रश्न : नुसत्या एफएमआरआयवरून (मेंदूचं काम दाखवणाऱ्या स्कॅनवरून) सतर्कता मोजता येते का?

खात्रीलायक मोजता येत नाही. एफएमआरआय रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल टिपतो आणि तो बदल शिखराला पोचायला ५-६ सेकंद लागतात. दोन सेकंदांची डुलकी त्यात विरून जाते. पेंगताना श्वासाची लयही बदलते, म्हणून कार्बन डायऑक्साइड आणि त्यामागोमाग रक्तप्रवाह बदलतो. अशा वेळी स्कॅनचा संकेत मेंदूभर एकदम वरखाली होऊ लागतो. तो गोंगाट समजून सरसकट काढून टाकला, तर सतर्कतेची खूणही सोबत जाते. विश्रांतीच्या स्कॅनमध्ये हे फार घडतं : २०१४ च्या एका अभ्यासात सुमारे एक तृतीयांश लोकांची जाग तीन मिनिटांतच ढळली होती. ‘डोळे मिटून स्वस्थ पडा’ असं सांगितलं की दुसरं काय होणार!

प्रश्न : सोबत ईईजी (डोक्यावरच्या इलेक्ट्रोडनी मेंदूच्या विद्युत लहरी टिपणारं यंत्र) लावला, तर नेमकं काय बघायचं?

आधी डोळे उघडे होते की मिटलेले, ते. मिटलेल्या डोळ्यांनी जागं असताना डोक्याच्या मागच्या भागात ८ ते १२ हर्ट्झच्या अल्फा लहरी ठळक असतात. पेंग आली की त्या ओसरतात आणि ४ ते ७ हर्ट्झच्या थीटा वाढतात. डोळे उघडे असतील तर पेंगेच्या सुरुवातीला अल्फा उलट वाढतो. दोन्हींना एकच निकष लावणारे इथेच फसतात. झोपेच्या टप्प्यांसाठीची ३० सेकंदांची खिडकीही (एका वेळी तपासायचा नोंदीचा तुकडा) डुलकीसाठी मोठी पडते. २-४ सेकंदांची घ्यावी.

स्कॅनरमध्ये ईईजीची टोपी आणि तारा एमआरआयसाठीच बनवलेल्या हव्यात, नाहीतर भाजण्याचा धोका असतो. दोन्ही यंत्रांची घड्याळं जुळवा, म्हणजे चुंबकीय ग्रेडियंटचा (स्कॅनरच्या सतत बदलत्या चुंबकीय क्षेत्राचा) व्यत्यय नीट वजा होतो. नाडीच्या ठोक्यांचा व्यत्यय काढायला ईसीजीचा एक इलेक्ट्रोड लागतो.

प्रश्न : प्रतिसादवेळेची चाचणी पुरेशी नाही का?

उपयोगी आहे, जरूर घ्या. प्रचलित चाचणी १० मिनिटांची असते : २ ते १० सेकंदांच्या अनियमित अंतराने खूण दिसते आणि ५०० मिलिसेकंदांपेक्षा उशीर झाला तर ती चूक धरतात. पण खुणेची वाट पाहणंच माणसाला जागं ठेवतं.

प्रश्न : स्कॅनआधी कॉफी चालेल?

कॅफीनमुळे मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यामुळे तरतरी तीच असली तरी संकेत बदलू शकतो. मात्र रोज पिणाऱ्याची कॉफी अचानक बंद केली, तर रक्तप्रवाह उलट वाढतो. नेहमीचं प्रमाण आणि शेवटच्या कपाची वेळ नोंदवा. जमल्यास रक्तप्रवाह एएसएल पद्धतीने (रक्तालाच चुंबकीय खूण लावून प्रवाह मोजणारा एमआरआय) वेगळा मोजा.