वाचकांचे प्रश्न : अ‍ॅम्बेसेडरचे हेड, पोर्टिंग आणि पॅकिंगची जुळणी

प्रश्न : माझ्याकडे वडिलांनी घेतलेली १९७२ ची अ‍ॅम्बेसेडर मार्क टू आहे. तिचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन सध्या पूर्ण उतरवले असून ब्लॉक चाळीस साइजला (मूळ मापापेक्षा ०.०४० इंच मोठा) बोअर करून आणला आहे. मॅनिफोल्डचे (हेडला जोडणाऱ्या नळ्यांचे) नवे पॅकिंग (गॅस्केट) सिलिंडर हेडवर लावून पाहिले, तेव्हा त्याची भोके इनटेक पोर्टपेक्षा (हेडमध्ये मिश्रण शिरण्याच्या वाटेपेक्षा) चहूबाजूंनी सुमारे दोन मिलिमीटर मोठी दिसली. मिस्त्रींच्या मते पोर्ट पॅकिंगच्या मापाला घासून आरशासारखे पॉलिश करावेत, म्हणजे पिकअप सुधारेल. शर्यतीचा विचार नाही. घाट चढताना इंजिनाने दमू नये, एवढीच अपेक्षा आहे. हे काम करावे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : पोर्ट पॅकिंगच्या मापाला वाढवू नयेत, असे मी स्पष्टपणे सांगेन. एकच पॅकिंग वेगवेगळ्या हेडांना चालावे आणि स्टडवर थोडे सरकले तरी कड वाटेत येऊ नये, म्हणून त्याची भोके मुद्दामच सैल ठेवलेली असतात. पॅकिंगचे भोक हे पोर्टचे योग्य माप आहे, हा समज मुळातच चुकीचा आहे. पॅकिंगची कड आत डोकावत नाही ना आणि मॅनिफोल्डचे तोंड हेडच्या तोंडासमोर नेमके येते ना, एवढेच जुळणीत पाहायचे असते.

तुमचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सीरिज कुळातले आहे. ७३.०२५ मिलिमीटर बोअर आणि ८८.९ मिलिमीटर स्ट्रोक ही त्याची मूळ मापे पाहिली, की लांब स्ट्रोकचे हे इंजिन कमी फेऱ्यांवर ओढण्यासाठी बनवले आहे, हे लक्षात येते. घाटात आपण याच फेऱ्यांत असतो आणि तेव्हा मिश्रणाचा पोर्टमधला वेग टिकून राहणे महत्त्वाचे असते. समजा, ३२ मिलिमीटर व्यासाचे तोंड घासून ३६ मिलिमीटर केले, तर क्षेत्रफळ सुमारे २७ टक्क्यांनी वाढते आणि तेवढ्याच हवेचा तिथला वेग सुमारे २१ टक्क्यांनी घटतो. पेट्रोलचे थेंब हवेबरोबर वाहून जाण्याऐवजी भिंतीवर बसू लागतात, खालच्या फेऱ्यांवरची ओढ कमी होते आणि पुढे आत वाट अरुंदच असल्यामुळे वरच्या फेऱ्यांवरही फारसे हाती लागत नाही.

या हेडची एक खास अडचण अशी, की चार सिलिंडरांना इनटेक पोर्ट दोनच आहेत. एक आणि दोन यांचा मिळून एक, तीन आणि चार यांचा मिळून दुसरा. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ असल्याने एका पोर्टवरचे दोन्ही सिलिंडर लागोपाठ ओढतात, म्हणजे क्रँकच्या एका फेऱ्यात पोर्टला सतत काम असते आणि पुढचा जवळजवळ पूर्ण फेरा तो स्तब्ध असतो. आधी ओढणाऱ्या सिलिंडरमुळे मिश्रणाला आलेली गती नंतर ओढणाऱ्याच्या वाट्याला येते, त्यामुळे दोघांना समसमान मिळत नाही. हा दोष रचनेतलाच आहे आणि तो पूर्ण जात नाही. मात्र वाट जिथे दोन व्हॉल्व्हांकडे फुटते, ती मधली कड एका बाजूने जास्त घासली गेली तर तो वाढतो. ती कड फक्त गुळगुळीत आणि दोन्हीकडे सारखी करावी. पोर्टच्या शेजारूनच पुशरॉडची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची) भोके जातात, त्यामुळे त्या बाजूची भिंत पातळ असते. ती फुटली, तर त्यात स्लीव्ह (आतली नळी) बसवण्यावाचून मार्ग उरत नाही.

मग कष्ट घ्यावेत कुठे? व्हॉल्व्ह सीटच्या (बंद होताना व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कड्याच्या) आसपासच्या दोन-तीन सेंटिमीटरांत. हवेची खरी अडवणूक तिथे होते, कारण व्हॉल्व्ह व्यासाच्या एक चतुर्थांश उचलला जाईपर्यंत त्याच्या कडेची फट हीच सर्वांत अरुंद वाट असते. सीट कापल्यावर तिच्याखाली जी धारदार कड राहते, ती काढून सीटपासून पोर्टच्या पोटापर्यंतची वाट एकसंध करावी. सीट तीन कोनांत कापून घ्यावी : प्रत्यक्ष बसण्याचा भाग ४५ अंश, वर ३० अंश आणि खाली ६० अंश. इनटेकची सीट सुमारे दीड मिलिमीटर रुंद पुरते. एक्झॉस्टची थोडी अधिक ठेवावी, कारण एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटमधूनच हेडमध्ये उतरते. सीटखालच्या घशाचा व्यास व्हॉल्व्हच्या व्यासाच्या ८५ ते ९० टक्क्यांपलीकडे नेऊ नये. पोर्ट जिथे खाली वळतो, त्या वळणाच्या आतल्या बाजूला कार्बाइडचा बर् (घासण्याचे फिरते हत्यार) फार सांभाळून चालवावा. तिथली गोलाई गेली, की हवा भिंत सोडते आणि घासलेला पोर्ट न घासलेल्यापेक्षा वाईट ठरतो. व्हॉल्व्ह गाइडची आत आलेली नळी कापून सपाट करू नये. रस्त्यावरच्या गाडीत तिचा आधार व्हॉल्व्हला हवा असतो.

एक्झॉस्ट सीटविषयी आणखी एक सांगणे आवश्यक आहे. तुमची गाडी शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातली आहे. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच मिळते. शिशाच्या थरामुळे बीडाच्या सीटला जे संरक्षण मिळत असे ते आता मिळत नाही, म्हणून लांब पल्ल्याच्या वापरात सीट खचत जाते आणि टॅपेटची फट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांतली मोकळीक) पुन्हापुन्हा कमी होते. हेड उतरलेलेच आहे, तर एक्झॉस्टला कडक सीट इन्सर्ट बसवून घ्यावेत. पोर्टिंगच्या (पोर्ट घासण्याच्या) आधी हे काम व्हायला हवे, कारण नवीन सीट बसल्याशिवाय तिच्याखालची वाट आकाराला आणता येत नाही. त्याहीआधी हेडची पाण्याच्या दाबावर चाचणी करून घ्या. दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरांचा एक्झॉस्ट पोर्ट सामाईक असल्यामुळे मध्यभागी उष्णता साचते, आणि चिरलेल्या हेडवर केलेली सगळी मेहनत वाया जाते.

आता प्रत्यक्ष जुळणी. पॅकिंगला प्रमाण मानू नये. जाड पुठ्ठ्याचा किंवा पातळ पत्र्याचा साचा करावा, त्याला स्टडची भोके घट्ट बसतील अशी पाडावीत आणि तोच साचा हेडवर व मॅनिफोल्डवर आळीपाळीने ठेवून दोन्हींची तोंडे त्यावर आखून घ्यावीत. कोणते तोंड कुठल्या बाजूला किती सरकलेले आहे, हे लगेच दिसते. मग पृष्ठभागाला मार्किंग ब्लू लावून स्क्राइबरने रेघ ओढावी आणि फक्त रेघेपर्यंतच घासावे. तोंडाशी केलेला बदल आत वीस-पंचवीस मिलिमीटरपर्यंत हळूहळू विरत जायला हवा. तोंडाशीच खळगा करून सोडला, तर प्रवाह तिथे आधी पसरतो आणि लगेच पुन्हा आवळला जातो.

दोन्ही तोंडे तंतोतंत सारखी होणे अवघड असते, म्हणून चूक राहिलीच तर ती योग्य बाजूला राहावी. इनटेकला मिश्रण मॅनिफोल्डमधून हेडमध्ये जाते, तेव्हा हेडचे तोंड मॅनिफोल्डपेक्षा अर्धा-पाऊण मिलिमीटर मोठे चालेल, लहान चालणार नाही. एक्झॉस्टला प्रवाह उलटा, म्हणून तिथे मॅनिफोल्डचे तोंड मोठे हवे. एक्झॉस्टमधली अशी पायरी उपयोगीच पडते, कारण उलट परतणारा धूर तिला अडखळतो. माझ्या मते साध्या वापराच्या गाडीत हेडचे एक्झॉस्ट पोर्ट तोंडाशी अजिबात वाढवू नयेत.

आरशासारख्या पॉलिशचा आग्रह मिस्त्रींनी सोडावा. कार्ब्युरेटरच्या गाडीत इनटेक पोर्टची भिंत ८० नंबरच्या एमरीने एकसारखी केली की पुरे. थोड्या खरखरीत भिंतीवरचे पेट्रोल पुन्हा हवेत मिसळते. एक्झॉस्ट गुळगुळीत केल्यास काजळी कमी धरते, एवढाच त्याचा फायदा. काम संपल्यावर हेड रॉकेल आणि दाबाच्या हवेने धुवून प्रत्येक भोक तपासावे, कारण बीडाचा एक कण गाइडमध्ये राहिला तरी व्हॉल्व्हची दांडी ओरबाडली जाते. गाडी सुरू झाल्यावर प्लगचा रंग पाहून कार्ब्युरेटरचे जेट आणि इग्निशनचे टायमिंग पुन्हा तपासून घ्यावे.

तुमची गाडी पन्नास वर्षांची झाली आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची असेल, तर गाडी मूळ स्वरूपात जपलेली आणि मोठे फेरबदल न झालेली असावी लागते. सीट आणि पोर्टची सफाई ही दुरुस्ती आहे; दुसऱ्या जातीचे मॅनिफोल्ड किंवा जोड कार्ब्युरेटर बसवण्याचा मोह झाला, तर मात्र आधी हा नियम वाचावा.

प्रश्न : माझ्या मॉरिस मायनरचे ९४८ सीसीचे इंजिन जोडायचे आहे. हेडच्या पॅकिंगचे भोक ज्वलनकक्षापेक्षा मोठे आहे. इथेही कक्ष पॅकिंगपर्यंत घासावा का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही. इथे पॅकिंगची रेघ ही ओलांडू नये अशी बाहेरची हद्द असते. पॅकिंगच्या धातूच्या कड्याला हेडचा आधार सगळीकडून मिळाला पाहिजे. कक्ष त्याच्याबाहेर गेला, तर उघडी पडलेली कड तापून जळते आणि पॅकिंग उडते. शिवाय कॉम्प्रेशनही घटते. तुमच्या इंजिनात एका सिलिंडरचे आकारमान सुमारे २३७ सीसी येते. वरची एकूण जागा ३२.५ सीसी असेल, तर गुणोत्तर ८.३ भरते, आणि दीड सीसी जागा वाढली, तरी ते आठच्या किंचित खाली येते. चारही कक्ष ब्युरेटने (मापाच्या नळीतून द्रव भरून) मोजून सर्वांत मोठ्या कक्षाइतके बाकीचे करावेत, तेही जेमतेम. ब्लॉक बोअर केला असेल, तर पॅकिंगचे कडे बोअरमध्ये डोकावत नाही ना, हे ब्लॉकच्या बाजूनेही पाहावे.

प्रश्न : मॅनिफोल्डचे पॅकिंग दोनदा बदलले, तरी एक्झॉस्टजवळ फुसफुस येते. हेडचे फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणे) करून घ्यावे का? (एक वाचक, कोल्हापूर, गाडी अ‍ॅम्बेसेडर)

उत्तर : हेडला हात लावण्यापूर्वी मॅनिफोल्ड पाहा. या कुळातल्या इंजिनांत इनटेक आणि एक्झॉस्ट शेजारी-शेजारी बसतात आणि काही स्टडवर दोन्हींच्या फ्लँजना (जोडाच्या सपाट कडांना) मिळून एकच जाड वॉशर दाबतो. एका फ्लँजची जाडी दुसरीपेक्षा कमी असेल, तर वॉशर जाड फ्लँजवरच टेकतो आणि पातळ बाजू सैल राहते; नवे पॅकिंग घालून हा दोष जात नाही. दोन्ही मॅनिफोल्ड एकत्र बांधून त्यांची तोंडे एकाच सपाटीत फेसिंग करून घ्या आणि फ्लँजची जाडी व्हर्नियरने तपासा. मग पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना पातळ ग्रीस लावून नट आवळा, पुन्हा उघडा आणि ठसा बघा. जिथे ठसा तुटलेला दिसेल, तिथेच गळती आहे. हे समाधानकारक झाल्यावर ग्रीस पुसून पॅकिंग कोरडे बसवा आणि इंजिन एकदा पूर्ण तापून थंड झाले, की नट पुन्हा आवळा.