पहिल्या एएनसी (गरोदरपणातल्या) तपासणीला काय काय होतं? आतून तपासतात का?

ताई, आधी मनापासून अभिनंदन. सातवा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळंतपण, सोमवारी डॉक्टरांकडे जायचंय, सोबत सासूबाई येणार आणि तिथे ‘आतून’ तपासतील का याची धास्ती वाटते, असं तुम्ही लिहिलंय. मी सरकारी रुग्णालयात एएनसी ओपीडीला नर्स आहे. पहिलटकरणी रोज समोर बसतात आणि बहुतेकींच्या मनात हीच धास्ती असते, म्हणून आधी तेच सांगते.

सगळं सुरळीत असेल तर पहिल्या भेटीत आतून तपासायची सहसा गरज पडत नाही. अंगावरून लाल जात असेल किंवा खूप दुखत असेल तर डॉक्टर तपासतात, तेही तुम्हाला विचारून. सोनोग्राफी मात्र इतक्या लवकर असेल तर बऱ्याचदा योनिमार्गातून करतात, कारण गर्भ एवढासा असतो, पोटावरून नीट दिसत नाही. त्याने बाळाला काही होत नाही. तशी सोनोग्राफी असेल तर लघवी करून जायचं, पोटावरून असेल तर पाणी पिऊन लघवी साठवायची. कुठली करणार ते आधीच विचारून घ्या. आधार कार्ड न्या, प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीला ‘एफ’ फॉर्म (गर्भलिंग तपासणीबंदीच्या कायद्यातला) भरावाच लागतो. मुलगा की मुलगी हे सांगणं आणि सांगायला लावणं, दोन्ही गुन्हा आहे.

खरा वेळ जातो तो प्रश्नांत, आणि पुढची सगळी काळजी त्या उत्तरांवरून ठरते. पहिला प्रश्न शेवटच्या पाळीचा. तारीख हवी ती पाळी सुरू झाली त्या दिवसाची. आमच्याकडे बायका सांगतात, ‘गौरी जेवल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी बाजूला बसले होते.’ मी कॅलेंडर उघडते आणि तारीख काढते. ठोकून दिलेल्या आकड्यापेक्षा हे कितीतरी बरं. त्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की बाळंतपणाची अंदाजे तारीख निघते. १० जानेवारी असेल तर १७ ऑक्टोबर. आठवडेही त्याच दिवसापासून मोजतात, म्हणून कागदावर सात लिहिले तरी गर्भ राहून साधारण पाचच आठवडे झालेले असतात. हे घरच्यांनाही सांगून ठेवा. नवरा कामाला परगावी असतो तिथे या दोन आठवड्यांवरून बाईला नको ते ऐकावं लागलेलं मी पाहिलंय.

मग थायरॉइड, बीपी, शुगर, फिट, दमा असं एकेक विचारतील. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटंच पिशवीत टाकून न्या, काढे आणि चूर्णंसुद्धा. मनाने काही बंद करू नका, फिटच्या गोळ्या तर मुळीच नाही. लग्न नात्यातलं आहे का हेही विचारतील. ‘तंबाखू खाता का?’ म्हटलं की सगळ्या नाही म्हणतात. ‘मशेरी लावता का?’ म्हटलं की उत्तर येतं, ‘हो, सकाळी दातांना, थोडीशी.’ मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, त्याने बाळ कमी वजनाचं होऊ शकतं. लावत असाल तर सांगा, सोडायला मदत मिळते.

आता सासूबाईंचं. त्या प्रेमानेच येत असतील, येऊ द्या. पण प्रश्नोत्तरांच्या वेळी पाच मिनिटं डॉक्टरांशी एकटीने बोला. तसं म्हणायला संकोच वाटला तर वजन करताना सिस्टरच्या कानात सांगा, आम्ही सासूबाईंना बाहेर बसवतो. ‘याआधी कधी दिवस राहिले होते का?’ या प्रश्नाला घरच्यांसमोर खरं उत्तर देणं प्रत्येकीला जमत नाही. लग्नाआधी किंवा नंतर गर्भपात झालेला असेल, पिशवी साफ केलेली असेल, तर डॉक्टरांना ते कळायलाच हवं. समजा तुमचा रक्तगट निगेटिव्ह आहे आणि तेव्हा अँटी-डीचं (बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून देतात ते) इंजेक्शन घेतलेलं नाही, तर अंगात तयार झालेल्या प्रतिपिंडांचा त्रास या बाळाला होऊ शकतो. वेळेत समजलं तर त्यावर लक्ष ठेवता येतं. घरात मारहाण होत असेल तर तेही याच पाच मिनिटांत बोला. हे सगळं घरच्यांपर्यंत पोचवायचं नाही, हे आमच्यावर बंधन आहे.

तपासण्या पटकन उरकतात: वजन, उंची, बीपी, लघवी आणि रक्त. त्यात हिमोग्लोबिन (११ च्या खाली म्हणजे रक्त कमी), रक्तगट, शुगर, एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ ‘ब’ आणि बहुतेक ठिकाणी थायरॉइड. एचआयव्हीचं नाव वाचून दचकू नका, ती सगळ्यांचीच करतात. शुगरसाठी मात्र थांबावं लागतं, ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी रक्त घेतात. मळमळीत ते गोड पाणी नकोसं होतं, हळूहळू घोट घ्या. पहिले तीन महिने फॉलिक अॅसिडची गोळी, लोह आणि कॅल्शियम त्यानंतर. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी ते तिथेच कळेल.

खासगीत दाखवत असलात तरी बारा आठवड्यांच्या आत आशाताईंकडे नाव नोंदवा आणि माता-बाल कार्ड घ्या. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये अटींत बसत असाल तर मिळतात, त्यासाठी बँकेचं पासबुक लागेल.

आणि एक. सातव्या आठवड्यात ठोके दिसले नाहीत, तर तिथेच खचून जाऊ नका. पाळी उशिरा येणाऱ्यांचा गर्भ तारखेपेक्षा लहान निघतो, म्हणून आठ-पंधरा दिवसांनी परत सोनोग्राफी करतात आणि मगच काय ते ठरवतात. मात्र सोमवारच्या आधी अंगावरून लाल गेलं, ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखलं किंवा चक्कर येऊन डोळ्यांसमोर अंधारी आली, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. गर्भ नळीत राहिला असेल तर तासातासाला धोका वाढतो. १०८ ला फोन करा, रात्र असली तरी.