श्रेष्ठ चित्रपटांच्या यादीत कोणते चित्रपट असावेत, हे ठरवायचं कसं?

तुम्ही मित्र मिळून आजवरच्या श्रेष्ठ पन्नास चित्रपटांची यादी करताय आणि गाडी पहिल्याच नावावर अडली आहे. एक जण म्हणतो, ‘द शॉशँक रिडेम्प्शन’ पहिला हवा, कारण इंटरनेटवर लाखो प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतलाय. दुसरा म्हणतो, 2022 साली जगभरच्या समीक्षकांनी ‘झान दीलमान’ला पहिलं स्थान दिलं, मग आपण कोण बोलणारे? तुम्ही स्वतः ‘झान दीलमान’ तासाभरात बंद केलात, आणि आता विचारताय की दोघांपैकी बरोबर कोण.

माझ्या मते दोघंही वाद टाळताहेत. दोघंही दुसऱ्यांच्या मतांची बेरीज आणून समोर ठेवताहेत. चित्रपटाबद्दल अजून कुणीच बोललेलं नाही.

आधी त्या समीक्षकांच्या यादीबद्दल सांगतो, कारण तिचा धाक फार असतो आणि ती बनते कशी हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचं ‘साइट अँड साउंड’ हे मासिक 1952 पासून दर दहा वर्षांनी हा कौल घेतं. प्रत्येक समीक्षकाने आपल्या पसंतीचे दहा चित्रपट द्यायचे. त्या दहांत वर-खाली काही नसतं, प्रत्येकाला एकेक मत. मग सगळी मतं मोजायची. 2012 साली 846 जणांनी नावं दिली आणि हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’ पहिला आला, तो 191 मतांवर. म्हणजे चारातल्या तिघांहून जास्त जाणकारांनी आपल्या दहात त्याला घेतलंच नव्हतं! ही माझ्या मते त्या कौलातली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. ‘जगातला सर्वश्रेष्ठ चित्रपट’ असं आपण छातीठोकपणे म्हणतो, तेव्हा त्यामागे एवढंच असतं की इतर कुठल्याही एका चित्रपटापेक्षा हा थोड्या जास्त जणांना आठवला. 2022 मध्ये मत देणारे 1,639 झाले. मत देणारे जवळजवळ दुप्पट झाल्यावर यादी हलणारच होती, आणि ती हलली.

ती दर वेळी हलत आलेली आहे. 1952 साली पहिला होता दे सिकाचा ‘बायसिकल थीव्ह्ज’, जेमतेम चार वर्षांपूर्वी आलेला. ‘सिटिझन केन’ पहिल्या दहातही नव्हता. 1962 साली तो पहिला आला आणि 2002 पर्यंत प्रत्येक कौलात पहिलाच राहिला. चित्रपट 1941 चा, त्यातली एक चौकटही बदलली नव्हती. बदललं होतं ते एवढंच की युद्धानंतर तो युरोपात पोचला, फ्रान्समधल्या तरुण समीक्षकांनी त्याच्यावर लिहिलं, आणि 1956 मध्ये तो अमेरिकेत पुन्हा पडद्यावर आला. रेन्वारच्या ‘द रूल्स ऑफ द गेम’ची गोष्ट तर आणखी विलक्षण. 1939 मध्ये तो साफ पडला, त्याला कात्री लागली, युद्धात त्याची मूळ निगेटिव्ह बॉम्बहल्ल्यात गेली. उरलेल्या तुकड्यांतून 1959 मध्ये तो पुन्हा उभा केला गेला. तो 1952 पासून 2012 पर्यंत प्रत्येक कौलात पहिल्या दहात होता. ते तुकडे कुणी जपले नसते, तर आज आपण त्याच्या श्रेष्ठत्वावर भांडलोच नसतो.

सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’चंही तसंच. 1992 च्या कौलात तो इतर तिघांबरोबर सहाव्या जागी होता. पुढच्याच वर्षी लंडनमधल्या एका लॅबला आग लागली आणि ‘पथेर पांचाली’ ज्यातला पहिला चित्रपट आहे त्या अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह त्यात जळाल्या. जळक्या रिळांतून वाचवता येईल ते वाचवून, बाकीचं इतर प्रतींवरून घेऊन ही चित्रत्रयी 2015 मध्ये नव्या रूपात पडद्यावर आली. 2012 मध्ये ‘पथेर पांचाली’ 42 वर होता, 2022 मध्ये 35 वर आला. स्वच्छ प्रतीमुळेच तो वर चढला असं मी म्हणणार नाही. पण मतदारापुढे कोणती प्रत आली, किंवा आलीच नाही, याचा परिणाम यादीवर होतो याबद्दल मला शंका नाही. म्हणून यादीत एखादं नाव नसण्यावरून त्या चित्रपटाची लायकी ठरवू नका.

आता इंटरनेटवरच्या मतांबद्दल. तिथे माणूस पाहिलेल्या चित्रपटाला दहापैकी गुण देतो. हा प्रश्नच वेगळा आहे. ‘हा चित्रपट तुला किती आवडला?’ आणि ‘सगळ्या चित्रपटांतून दहाच वाचवायचे तर कुठले?’ या दोन प्रश्नांची उत्तरं एक येतील असं समजणं चूक. पहिल्या प्रश्नात ज्याचा कुणालाच राग येत नाही असा चित्रपट वर जातो. दुसऱ्यात ज्याच्यासाठी थोडे लोक जीव टाकतात तो वर जातो. तुमचे मित्र एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला लावताहेत.

मग ठरवायचं कसं? माझी कसोटी साधी आहे. जो चित्रपट सुचवायचा, त्यातली दोन-तीन मिनिटं दाखवा आणि सांगा, इथे असं काय घडतं जे दुसऱ्या कुठल्याही मार्गाने सांगता आलं नसतं. कथा चांगली आहे, संदेश चांगला आहे, रडू आलं, एवढं पुरत नाही.

‘सिटिझन केन’मधला नाश्त्याचा प्रसंग घ्या. वर्तमानपत्राचा मालक केन आणि त्याची पहिली बायको एमिली यांचं लग्न मोडत जातं, ते दिग्दर्शक ऑर्सन वेल्सने जेमतेम काही मिनिटांत दाखवलंय. सहा सकाळी, तेच टेबल. पहिल्या सकाळी दोघं लगटून बसलेत, एकमेकांवरून नजर हटत नाही. मग कॅमेरा झर्रकन फिरतो आणि महिने-वर्षं उलटलेली असतात. ती तक्रार करते की तो रात्र-रात्र वर्तमानपत्राच्या कचेरीत असतो. पुन्हा झर्रकन, आणि तिचे कपडे बदललेले, आवाजात धार. बर्नार्ड हरमनचं संगीत एकाच वॉल्ट्झच्या सुरावटीवर चालू राहतं, पण प्रत्येक सकाळी ती सुरावट थोडी आंबत जाते. (याच हरमनने पुढे ‘व्हर्टिगो’चं संगीत केलं, हे कानांना जाणवतं.) शेवटच्या सकाळी दोघं लांबलचक टेबलाच्या दोन टोकांना, तोंडातून शब्द नाही. तो आपलं वर्तमानपत्र वाचतोय आणि ती वाचतेय त्याच्या प्रतिस्पर्ध्याचं. मला या एका तपशिलासाठी वेल्सला दंडवत घालावासा वाटतो. नवऱ्याच्या तोंडावर प्रतिस्पर्ध्याचा पेपर उघडून बसणं, यापुढे भांडायचं काय उरलं? कादंबरीला याला एक प्रकरण लागलं असतं, नाटकाला एक अंक.

हीच कसोटी ‘झान दीलमान’ला लावा. ब्रसेल्समधली एक विधवा, मुलाबरोबर राहणारी, तिचे तीन दिवस. स्वयंपाक, भांडी, बाजार, दुपारी पैसे मोजून तिच्याशी शय्यासोबत करायला येणारा पुरुष, रात्रीचं जेवण. लांबी 201 मिनिटं. शांताल आकरमान यांनी तो चित्रित केला तेव्हा त्या 24 वर्षांच्या होत्या. तुम्ही तासाभरात बंद केलात म्हणजे तुम्ही पहिला दिवस पाहिलात, आणि पहिल्या दिवशी सगळं जिथल्या तिथे असतं. दिवा लावायचा, खोलीतून निघताना विझवायचा. मिळालेले पैसे टेबलावरच्या सुपाच्या भांड्यात टाकायचे, झाकण लावायचं. दुसऱ्या दिवशी झाकण उघडं राहतं. बटाटे जास्त शिजतात. ते भांडं हातात घेऊन ती घरात फिरते, त्याचं काय करावं तिला सुचत नाही, आणि मग नव्याने बटाटे सोलायला बसते. कॅमेरा समोर, हलत नाही, जवळ जात नाही. बटाटे बिघडले एवढीच घटना, पण ती पाहताना माझ्या पोटात गोळा येतो, कारण पहिल्या दिवसाने मला तिची शिस्त अंगात भिनवलेली असते. ती लांबी नसती तर ते झाकण कुणाच्या लक्षातही आलं नसतं. कंटाळा येतो हे खरं आहे, पण तो कंटाळा आकरमान यांनी कामाला लावलाय. पुन्हा बघा, एका बैठकीत, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. त्यानंतरही नाही भिडला तर खुशाल विरोध करा. तेव्हा तुमच्या विरोधाला वजन असेल.

‘शॉशँक’वर अन्याय करू नका. 1994 मध्ये चित्रपटगृहांत तो चालला नाही, ऑस्करची सात नामांकनं मिळून एकही पुरस्कार आला नाही, आणि नंतर व्हिडिओ आणि टीव्हीवरून लोकांनी त्याला आपलं केलं. असं प्रेम उगाच मिळत नाही. कैदेत असलेला नायक अँडी तुरुंगाच्या लाउडस्पीकरवर मोझार्टची तबकडी लावतो आणि अंगणातले कैदी जागच्या जागी थांबून वर बघू लागतात, तो प्रसंग माझ्या कसोटीला उतरतो. पण त्याच प्रसंगात त्याचा कैदी मित्र रेड याचा आवाज येऊन आपल्याला काय वाटतंय ते सांगू लागतो. चेहऱ्यांवर ते आधीच दिसलेलं असतं. चित्रपटभर हे होत राहतं. म्हणून मी त्याला पन्नासात ठेवीन, पहिल्या दहात नाही.

एका बाबतीत मात्र निव्वळ कसब पाहून चालत नाही. ग्रिफिथचा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ (1915) चित्रपटाच्या इतिहासात टाळता येत नाही, आणि तो कू क्लक्स क्लॅनला, म्हणजे कृष्णवर्णीयांवर हल्ले करणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेला, नायक बनवतो हेही टाळता येत नाही. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या 1998 च्या शंभरात तो 44 वा होता. 2007 च्या शंभरात तो नाही, त्याच दिग्दर्शकाचा ‘इंटॉलरन्स’ आहे. मला हे पटतं. त्याचा अभ्यास जरूर व्हावा. पण श्रेष्ठ म्हणणं हा गौरव आहे, आणि ज्या संकलनकौशल्याची तारीफ करायची तेच तिथे द्वेषाला वेग देण्यासाठी वापरलंय. तुमच्यात यावर दोन मतं पडतील. पडू द्या, हा वाद घालण्यासारखा आहे.

अगदी ताज्या चित्रपटांना बंदी घालू नका. ‘पोर्ट्रेट ऑफ अ लेडी ऑन फायर’ 2019 चा आणि 2022 च्या कौलात 30 वा. काहींना ही घाई वाटली. पण 1952 चा ‘बायसिकल थीव्ह्ज’ आठवा. तोही तेव्हा ताजाच होता, आणि सत्तर वर्षांनंतरही पहिल्या पन्नासात टिकून आहे.

कामाचं सांगायचं तर क्रमांक काढून टाका. प्रत्येकाने दहा नावं द्या. ज्याने चित्रपट पाहिलेला नाही त्याला त्याच्याविरुद्ध बोलायचा हक्क नाही, हा एक नियम मात्र कडक पाळा. त्याने अर्धी भांडणं मिटतील आणि उरलेली चांगली होतील. आणि नावं देण्याआधी काही मूकपट एकत्र बसून बघा: कीटनचा ‘द जनरल’, चॅप्लिनचा ‘सिटी लाइट्स’, मुर्नाउचा ‘सनराइज’, ड्रायरचा ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’. ‘द जनरल’ अमेरिकन इन्स्टिट्यूटच्या 1998 च्या शंभरात नव्हता, 2007 मध्ये एकदम 18 वर आला. ‘सिटी लाइट्स’ 76 वरून 11 वर गेला. मित्रांच्या याद्यांत मूकपट नसतात ते बहुधा एवढ्याचसाठी की ते कुणी पाहिलेलेच नसतात. ‘द जनरल’पासून सुरुवात करा. त्यात जळत्या पुलावरून खरंखुरं इंजिन नदीत कोसळतं, आणि मूकपट बघायची सवय नसलेला माणूसही तिथवर खुर्ची सोडत नाही.