डेली कुणासाठी असते? स्क्रमबद्दल वाचकांचे प्रश्न

(स्क्रम म्हणजे काम ठरावीक छोट्या टप्प्यांत, म्हणजे स्प्रिंटमध्ये, करण्याची सॉफ्टवेअर टीमांची पद्धत. डेली ही त्यातली रोजची बैठक.)

प्रश्न : आमची आठ जणांची टीम पुण्यात, मॅनेजर न्यूयॉर्कला. रोज संध्याकाळी साडेसातला डेली होते. प्रत्येकानं काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, हे ओळीनं सांगायचं. पाऊण तास जातो आणि दिवस संपल्यावर ‘आज काय करणार’ला अर्थही उरत नाही. ही बैठक बंद करावी का? (टीम लीड, हिंजवडी)

बंद करू नका, तिचा मालक बदला. डेली ही काम करणाऱ्यांची आपसातली बैठक आहे. पुढच्या 24 तासांत कोण काय उचलणार एवढं ठरवायला 15 मिनिटं पुरतात. तुमची आज होते ती हजेरी आहे. ते तीन ठरावीक प्रश्न तर स्क्रम गाइडच्या (स्क्रमचे नियम सांगणाऱ्या अधिकृत पुस्तिकेच्या) नोव्हेंबर 2020 च्या आवृत्तीतून काढूनच टाकलेत. त्यांमुळे माणसं कामाबद्दल बोलायचं सोडून स्वतःचा हिशेब द्यायला लागतात.

सकाळी दहाला तुम्ही आठ जणच बसा, मराठी-हिंदीत बोला आणि बोर्ड (कामांच्या चिठ्ठ्या, म्हणजे तिकिटं, टप्प्यांच्या रकान्यांत लावलेला फलक) उजवीकडून डावीकडे वाचा. म्हणजे संपत आलेलं काम आधी. “पेमेंटच्या पानाचं तिकीट सोमवारपासून रिव्ह्यूमध्ये पडलंय, कोण बघतंय?” “मी जेवायच्या आधी बघतो.” “मग टेस्टिंग मी दुपारी घेते.” झालं, पुढचं तिकीट. माणसामाणसानं फिरलात तर हे पडून राहिलेलं तिकीट कुणाच्याच बोलण्यात येत नाही, कारण कोड लिहिणाऱ्याच्या दृष्टीनं त्याचं काम संपलेलं असतं.

मॅनेजरांना संध्याकाळी तीन ओळी लिहून पाठवा आणि बोर्ड त्यांना कायम उघडा ठेवा. काय बनवायचं आणि आधी काय, हे ठरवणारे प्रॉडक्ट ओनरही तिकडेच असतील, तर आठवड्यातून दोनदा अर्धा तास त्यांच्याबरोबर पुढच्या स्टोऱ्यांवर, म्हणजे वापरणाऱ्याला काय हवं ते सांगणाऱ्या छोट्या कामांवर, बोला. तो वेळ खरोखर कामी येतो. आणखी एक सांगतो : नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे जातात आणि आपल्यातलं अंतर साडेनऊवरून साडेदहा तासांवर जातं. कॉल न्यूयॉर्कच्या वेळेला बांधलेला असेल, तर हिवाळाभर तुमच्या घरी जेवणं तासभर पुढे सरकतात. हे आधीच बोलून ठरवा. निमूट सहन करण्यासारखी ती गोष्ट नाही.

प्रश्न : शेजारच्या टीमची व्हेलॉसिटी 60, आमची 35. दर तिमाहीत 10 टक्के वाढवा, असं वरून उद्दिष्ट आलंय. कसं वाढवायचं? (डेव्हलपर, बाणेर)

व्हेलॉसिटी म्हणजे एका स्प्रिंटमध्ये पूर्ण झालेल्या स्टोऱ्यांच्या पॉइंटांची बेरीज, आणि पॉइंट म्हणजे स्टोरी केवढी मोठी याचा टीमचा अंदाज. ती वाढवणं अगदी सोपं आहे आणि तोच धोका आहे. कालपर्यंत ज्या स्टोरीला सगळे 3 पॉइंट देत होते, तिला उद्यापासून 5 द्यायचे. कुणी खोटं बोलत नाही, फक्त अंदाजाचे पत्ते टाकताना हात जरा सैल सुटतो. दोन तिमाहींत आकडा वाढतो, काम तेवढंच राहतं आणि अंदाजासाठी हाताशी असलेलं एकमेव साधन निकामी होतं.

स्टोरी पॉइंट ही त्या-त्या टीमची खासगी मोजपट्टी आहे. स्क्रम गाइडमध्ये ती नाहीच, एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या दुसऱ्या पद्धतीतून आली. दोन टीमांच्या पॉइंटांची तुलना होऊच शकत नाही. तिचा खरा उपयोग असा : गेल्या चार-पाच स्प्रिंटमध्ये तुमचे 31 ते 38 पॉइंट पूर्ण झाले असतील आणि बॅकलॉगमध्ये (करायच्या कामांच्या यादीत) 200 उरले असतील, तर आणखी सहा ते सात स्प्रिंट लागतील. क्लायंटला हाच पट्टा सांगा, एक तारीख नको.

वरिष्ठांना आकडा हवाच असणार, आणि तो मागण्याचा त्यांना हक्क आहे. मग असा द्या जो फुगवता येत नाही : तिकीट हातात घेतल्यापासून वापरणाऱ्यापर्यंत पोहोचायला किती दिवस लागले, आणि पोहोचल्यावर किती बग परत आले. हे दोन आकडे सुधारले, तर टीम खरंच सुधारली.

प्रश्न : आम्ही प्रॉडक्शन सपोर्ट करतो. स्प्रिंटचं प्लॅनिंग सोमवारी होतं आणि मंगळवारी मोडतं. (सपोर्ट इंजिनिअर, ठाणे)

मग स्प्रिंट सोडा. दारात काय येणार हे आदल्या दिवशीही माहीत नसेल, तर दोन आठवड्यांचा बेत आखण्यात शहाणपण नाही. टोयोटात ताइची ओनो यांनी रुजवलेल्या कानबानची पद्धत तुमच्यासाठी योग्य आहे : प्रत्येक रकान्यात एका वेळी किती कामं, याची मर्यादा ठरवायची आणि एक संपल्याशिवाय दुसरं ओढायचं नाही. तातडीच्या कामांसाठी एक वेगळी ओळ ठेवा, पण तिच्यात एका वेळी एकच तिकीट. सगळंच तातडीचं असेल तर त्यातलं आधी कुठलं, हे मागणाऱ्यांनाच ठरवू द्या.

प्रश्न : रेट्रोत (स्प्रिंट संपल्यावरच्या आढावा बैठकीत) कुणी तोंडच उघडत नाही. ‘सगळं छान चाललंय’ म्हणतात आणि चहाच्या टपरीवर मात्र तासभर बोलतात. (स्क्रम मास्टर, नागपूर)

टपरीवर बोलतात म्हणजे सांगण्यासारखं बरंच आहे, फक्त खोलीत बोलणं महाग पडतं. खोलीत कोण बसलंय ते आधी बघा. वर्षअखेरीला ज्यांच्या हातात रेटिंग आहे ते ‘सर’ समोर असतील, तर दोन वर्षांपूर्वी लागलेली मुलगी ‘अंदाज सरांनी परस्पर कळवला होता’ हे कसं म्हणेल? त्यांना नम्रपणे बाहेर राहायला सांगा. ‘सर, पहिले तीन रेट्रो आम्हाला करू द्या, काय ठरलं ते मी स्वतः येऊन सांगतो,’ असं म्हटलं की बहुतेक लोक ऐकतात. तुम्हीच टीमचे लाइन मॅनेजर असाल, तर मात्र रेट्रो दुसऱ्या कुणाला तरी चालवायला द्या.

मग ‘काय चुकलं?’ असं विचारू नका. त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे कुणाचं तरी नाव. भिंतीवर दोन आठवड्यांची रेघ काढा आणि प्रत्येकाला दहा मिनिटं गप्प बसून चिठ्ठ्या लिहू द्या : बुधवारी बिल्ड तुटला, गुरुवारी गरज बदलली, शुक्रवारी टेस्टचा सर्व्हर बंद. चिठ्ठ्या चिकटवल्या की एकाच दिवसाखाली पाच हस्ताक्षरांतल्या पाच चिठ्ठ्या दिसतात. मग बोलायला धीर लागत नाही, कारण विषय आधीच भिंतीवर असतो.

शेवटी एकच गोष्ट ठरवा, पाच नाही. ती पुढच्या स्प्रिंटच्या बॅकलॉगमध्ये तिकीट म्हणून घाला, नावासकट. आणि पुढच्या रेट्रोची सुरुवात तिचं काय झालं इथूनच करा. माणसं गप्प का बसतात याचं सर्वांत मोठं कारण भीती नाही असं मला वाटतं. आपण सांगितलेलं मागच्या वेळी कुणी हलवलं नाही, हे त्यांना पक्कं आठवत असतं.

प्रश्न : सर्टिफिकेट कुठलं करू? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, सांगली)

स्क्रम गाइड मोफत मिळतं आणि तेरा-चौदा पानांचं आहे, आधी ते वाचा. मग पीएसएम-1 (प्रोफेशनल स्क्रम मास्टर) ही परीक्षा द्या. त्याला क्लास सक्तीचा नाही : 80 प्रश्न, 60 मिनिटं, 85 टक्क्यांना उत्तीर्ण. सीएसएमसाठी (सर्टिफाइड स्क्रम मास्टर) मात्र प्रशिक्षण घ्यावंच लागतं, ते महाग पडतं. कंपनी पैसे भरणार असेल तर ते जरूर करा.

प्रश्न : आम्ही पाच जण नोकरी सांभाळून दिवाळी अंक काढतो. दर वर्षी शेवटच्या आठवड्यात धावपळ. हे सगळं आमच्या उपयोगाचं आहे का? (संपादक, कोल्हापूर)

तुमच्या उपयोगाचं तर फारच आहे, कारण तुमची तारीख हलत नाही. तारीख पक्की असली की हलवायची असते ती व्याप्ती. लेखांची यादी महत्त्वाच्या क्रमानं लावा आणि रेघ मारा : इथपर्यंतचे लेख नसतील तर अंकच नाही, त्याखालचे वेळेत आले तर. हे जूनमध्ये ठरलं, तर ऑक्टोबरात कुणाला दुखवावं लागत नाही.

काम महिन्यांनी न वाटता फर्म्यांनी, म्हणजे छपाईच्या 16-16 पानांच्या गठ्ठ्यांनी, वाटा. दर दोन आठवड्यांनी 16 पानं पूर्ण तयार, म्हणजे दोनदा मुद्रितं तपासून, चित्रं बसवून, लेखकाची संमती घेऊन. ‘जवळजवळ झालंय’ असा रकाना बोर्डावर ठेवूच नका. तयार पानं अंकाबाहेरच्या एखाद्या चोखंदळ वाचकाला दाखवा. अक्षराचा आकार बारीक आहे हे पहिल्या फर्म्याला कळलं, तर दुरुस्त करता येतं.

तुमची कोंडी बहुधा मुद्रितशोधनात होत असेल. तपासणारी व्यक्ती एकच असते आणि सगळे तिच्याकडे एकदम आठ लेख टाकतात. त्या रकान्याची मर्यादा दोन ठेवा. तिसरा लेख जुळून तयार असेल, तर तो पुढे ढकलण्याऐवजी जुळणी करणाऱ्यानं स्वतः एक मुद्रित घेऊन तपासायला बसावं.