रुग्णसाहित्य केंद्राच्या नोंदींसाठी डेटाबेस : प्रोग्रामिंग न येणाऱ्यांना जमेल का?

तुम्ही लिहिलंय की वाशीत तुमचा ज्येष्ठ नागरिक संघ व्हीलचेअर, वॉकर, एअर बेड असं साहित्य अनामत घेऊन वापरायला देतो. सगळी नोंद एका एक्सेल फाइलमध्ये आहे, ती चार जण हाताळतात आणि तिचा पार गोंधळ झालाय. प्रोग्रामिंग कोणालाच येत नाही. तर डेटाबेस तुमच्या आवाक्यातला आहे का, आणि ओपन सोर्समधलं, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं, काय वापरावं?

आवाक्यातला आहे. मी याच कामातून गेले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ठाण्यात पाचपाखाडीला आमच्या घराजवळ असंच एक केंद्र आहे. एक काकू ते सांभाळतात, सकाळी दहा ते बारा. मी महापेला आयटीत नोकरी करते, त्यामुळे "संगणकाचं तेवढं तू बघ" हे ओघानं आलंच. एका स्वयंसेवकाने यादी अक्षरक्रमाने लावायची म्हणून फक्त नावांचा कॉलम निवडून सॉर्ट केलं. बाजूचे कॉलमही घ्यायचे का, असं एक्सेलने विचारलं होतं. त्याने घाईत नको म्हटलं आणि फाइल सेव्ह झाली. नावं हलली. फोन, वस्तू, अनामत जागच्या जागी राहिली. चार दिवसांनी एक गृहस्थ आईची व्हीलचेअर परत करायला आले. आई गेल्या होत्या. काकूंना त्यांच्या नावापुढे वॉकर आणि पाचशे रुपये दिसत होते, आणि त्यांच्याकडची पावती हरवलेली. काकूंनी पावतीपुस्तकं उलटून स्थळप्रत शोधली तोवर अर्धा तास गेला. तेवढा वेळ ते बाकावर गप्प बसून होते. मला ते आजही आठवतं.

त्या स्वयंसेवकाला मी दोष देत नाही. एका ओळीतल्या गोष्टी एकमेकींच्या आहेत हे स्प्रेडशीटला कळतच नाही, तिच्या लेखी प्रत्येक चौकोन सुटा. इमारत ३, घर १२ म्हणून "३/१२" लिहावं तर ती त्याची तारीख करते. ०२२ने सुरू होणाऱ्या फोनचं पहिलं शून्य गिळते. डेटाबेसमध्ये ओळ अशी फुटत नाही, आणि कॉलम तारखेचा की मजकुराचा हे एकदा ठरवलं की ते ठरलं.

डेटाबेस म्हणजे प्रोग्रामरचं काम, हा समज आता पक्का झालाय, पण सुरुवात अशी नव्हती. १९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी माहिती एकमेकांशी जोडलेल्या टेबलांमध्ये ठेवण्याची कल्पना मांडली. त्यांच्या लेखाच्या सुरुवातीलाच म्हटलंय, की माहिती यंत्राच्या आत कशी रचली आहे हे जाणून घेण्याची वेळ वापरणाऱ्यावर येऊ नये. १९७४ मध्ये तिथल्याच चेंबरलिन आणि बॉइस यांनी एसक्यूएलचं, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेचं, पहिलं रूप मांडलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर हिशेबनीस, अभियंते, नगररचनाकार अशी संगणकाबाहेरची माणसं होती. पुढे ती भाषा प्रोग्रामरांपाशीच राहिली. ते राहिलेलं काम आता काही ओपन सोर्स प्रकल्प करताहेत, आणि मला त्यांचं फार अप्रूप वाटतं.

सॉफ्टवेअरच्या आधी मात्र एक काम लॅपटॉप बंद ठेवून करायचं. मी काकूंपुढे पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्या आणि जुन्या वीस पावत्या ठेवल्या. माणसाची माहिती एका चिठ्ठीवर, वस्तूची दुसरीवर. दोन गठ्ठे होत गेले आणि काकू मधेच थांबल्या. "अनामत कुठल्या गठ्ठ्यात घालू? व्हीलचेअरची म्हणावी तर मागे दीड हजार घेत होतो, आता दोन हजार घेतो. माणसाची म्हणावी तर याने वॉकरही नेलाय." मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने त्यांनीच तिसरा गठ्ठा केला आणि वरच्या चिठ्ठीवर लिहिलं, "नेआण". कोणी नेलं, काय नेलं, कधी, अनामत किती, परत कधी. मग म्हणाल्या, "आणि नेणारा वेगळा, रुग्ण वेगळा. सही मुलाची असते, अंथरुणावर आई असते." हे मला सुचलं नसतं. मी नावाचा एकच कॉलम केला असता. म्हणून टेबलं कशी पाडायची हे तुमच्यातल्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाला ठरवू द्या, आयटीवाल्याला नको.

आणखी एक, तोवर वस्तूंना क्रमांकच नव्हते; "जुनी निळी व्हीलचेअर" अशी ओळख. काकूंनी त्याच आठवड्यात ऑइलपेंटने व्ही-१, व्ही-२ असे आकडे घातले. याशिवाय कुठलाही डेटाबेस चालणार नाही.

आम्ही वापरतो ते ओपन सोर्स सॉफ्टवेअर म्हणजे ग्रिस्ट. दिसायला एक्सेलच्या जवळचं, पण आत खरी जोडलेली टेबलं. नेआणच्या टेबलात वस्तूचं नाव टाइप करायचं नसतं, वस्तूंच्या टेबलातून निवडायचं, त्यामुळे "व्हिलचेअर" आणि "व्हीलचेअर" अशा दोन वस्तू होत नाहीत. डावीकडे व्ही-४वर क्लिक केलं की उजवीकडे तिची आजवरची सगळी नेआण दिसते. पहिल्याच सकाळी काकूंना दिसलं की व्ही-४ वर्षभर बाहेर आहे. त्यांनी लगेच फोन लावला.

एका लॅपटॉपवर काम भागत असेल तर डेस्कटॉप आवृत्ती पुरते. तुम्ही चौघं आहात, तेव्हा सर्व्हर, म्हणजे सगळ्यांना आपापल्या संगणकावरून जोडता येईल असा एक सामायिक संगणक, लागेल. संघात कोणाची तरी मुलगी किंवा जावई आयटीत असेलच. त्यांना "डॉकरवर ग्रिस्ट बसवून दे" एवढं सांगितलं तरी कळेल (डॉकर म्हणजे सर्व्हरवर सॉफ्टवेअर बसवायचं एक साधन). कोणाला काय दिसावं, कोणाला काय बदलता यावं, हे त्यातच ठरवता येतं.

ओपन सोर्सचा आग्रह मी फुकट मिळतं म्हणून धरत नाही. ग्रिस्टची फाइल आतून एसक्यूलाइट या छोट्या, खुल्या डेटाबेसची असते. एसक्यूलाइट २००० सालापासून आहे आणि तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही आहे. उद्या ग्रिस्ट बंद पडलं तरी ती फाइल दुसऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडेल. बारा-पंधरा वर्षांच्या नोंदी एखाद्या कंपनीच्या मासिक वर्गणीवर टांगून ठेवणं मला पटत नाही.

बाकीची नावं थोडक्यात. मॅथेसर थेट पोस्टग्रेस या मोठ्या डेटाबेसवर बसतं, नोंदी खूप असतील आणि सर्व्हर सांभाळणारं कोणी असेल तर उत्तम. बेसरोही याच जातीचं. आधीच एखादा मायएसक्यूएल डेटाबेस असेल तर त्यावर नोकोडीबी चढवता येतं. लिबरऑफिस बेस मी आधी करून पाहिलं. एका माणसाला ठीक, पण काकू त्यातल्या खिडक्यांमध्ये हरवायच्या.

आधार क्रमांक नोंदवू नका. अनामत आणि फोन असताना त्याची गरज नाही, आणि फाइल चुकून बाहेर गेली तर लोकांच्या आजारपणासकट सगळं उघडं पडेल. दर महिन्याला एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या आणि ती दुसऱ्याच्या घरी ठेवा. नावं एकाच लिपीत लिहा. मराठीत लिहिलीत तर ळ आपल्या वर्णमालेसारखा ह नंतर येईलच असं नाही. संगणकातली अक्षरं ज्या क्रमाने नोंदलेली असतात त्या युनिकोडमध्ये त्याची जागा ल आणि व यांच्या मध्ये आहे. यादीत नाव सापडलं नाही म्हणून नवी नोंद करण्याआधी शोधून बघा.

जुनी एक्सेल फाइल सगळी एकदम आत घेऊ नका. आज ज्या वस्तू बाहेर आहेत तेवढ्याच आधी भरा, स्थळप्रती समोर ठेवून. आम्हाला त्याला तीन रविवार लागले. टेबलं पाडताना अडलात तर तुमच्या कॉलमांची नावं इथे लिहा, माणसांची माहिती नको, मी बघून सांगते.